‘पण ती शिकते तरी काय?’

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू इतकी वर्षं एडिनबराला आहेस, सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आयटीबद्दल काहीतरी बोल." पण काल संध्याकाळपासून आयटीबद्दल मला एकानेही विचारलेलं नाही. विचारतात ते मुलीबद्दल. तिने काय घेतलंय हे आपल्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, तेव्हापासून प्रश्न ठरलेले आहेत. ती शिकते तरी काय? नोकरी कसली मिळणार? आणि मग जरा बाजूला घेऊन, आवाज खाली करून: ती ख्रिश्चन झाली का? प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच माइकवर सांगते, म्हणजे दुपारी मला नीट जेवता येईल.

माझी मुलगी स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. समुद्राकाठचं छोटं गाव आहे, आपल्या दौंडपेक्षाही लहान. गावात रेल्वे स्टेशनसुद्धा नाही. लूकर्सला उतरून पुढे बस. विद्यापीठ मात्र १४१३ सालचं. तिकडची पदवी चार वर्षांची असते आणि दोन विषयांची जोडपदवी घेता येते. तिचे दोन विषय म्हणजे आधुनिक इतिहास आणि बायबलचा नवा करार. नवा करार म्हणजे येशूची चार चरित्रं, त्याच्या शिष्यांची हकिगत, पौल आणि इतरांची पत्रं, आणि शेवटी प्रकटीकरण; सगळी मिळून सत्तावीस पुस्तकं, मूळ ग्रीक भाषेतली. ती ग्रीक शिकलीय. जुनी ग्रीक, बाजारात जाऊन भाजी घेता येणार नाही अशी.

आता आमचं घर कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी कॉम्प्युटर इंजिनिअर, नवरा मेकॅनिकल, दीर सिव्हिल. घरातल्या घरात एक कारखाना उभा राहील. त्या घरात तिने हे दोन विषय सांगितले तेव्हा सासऱ्यांनी फक्त एवढंच विचारलं की दोन्हीत गणित आहे का. नाही म्हटल्यावर ते चष्मा पुसत बसले.

नोकरीचा प्रश्न आधी उरकते, कारण त्यावर माझ्याकडे फारसं काही नाही. असे विषय घेतलेली मुलं तिकडे शिक्षक होतात, पुढे कायदा शिकून वकिलीकडे जातात, संग्रहालयांत, सरकारी खात्यांत, वर्तमानपत्रांत जातात. पगार आपल्यासारखे नसतात. काळजी मला आहे, आणि ती रात्री दोन वाजता जास्त असते. पण आमच्या क्षेत्रातल्या आयांनी आपल्या मुलांच्या नोकरीबद्दल निर्धास्त असावं असे दिवस आता आहेत का, हे या सभागृहातल्या आयटीवाल्यांनीच हात वर करून सांगावं.

पहिल्या प्रश्नावर मात्र मला बोलायचंय. गेली दोन वर्षं दर रविवारी फोनवर तिचा अभ्यास ऐकताना मलाच त्याची चटक लागली आहे.

पहिल्या वर्षी तिने सांगितलं की नव्या कराराची मूळ प्रत, म्हणजे लेखकाच्या हातची, एकाही पुस्तकाची शिल्लक नाही. आहेत त्या नकला, आणि नकलांच्या नकला. हजारो हस्तलिखितं, आणि कुठलीही दोन तंतोतंत सारखी नाहीत. मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट घ्या. चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत प्रसिद्ध पोथ्यांमध्ये ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी संपतं: बायका रिकामी कबर बघून घाबरून पळतात, कुणाला काही सांगत नाहीत, संपलं. नंतरच्या पोथ्यांमध्ये पुढे आणखी बारा वचनं आहेत. ती कुणी, कधी जोडली? मी म्हटलं, अगं, हे तर आमचं रोजचं काम! एका प्रोग्रामच्या पन्नास आवृत्त्या पन्नास जणांकडे, कुणी मध्ये काय घातलं याचा पत्ता नाही, आणि कुठली कुठून निघाली हे फरकांवरून शोधून काढायचं. तिने शांतपणे सांगितलं, "आई, तुमच्या पुण्यात भांडारकर इन्स्टिट्यूटने महाभारताचं हेच केलंय." खरंच की. १९१९ साली हाती घेतलं आणि १९६६ साली पुरं झालं; हजाराहून जास्त हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून एकेक श्लोक तपासला. दोन पाठ असतील तर अवघड पाठ जुना असण्याची शक्यता जास्त, कारण नक्कल करणारा माणूस सोपं करतो, अवघड करत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे वापरतात. सुकथनकरांचं नाव मला पोरीकडून कळावं, आणि तेही स्कॉटलंडहून! पुण्यात इंजिनिअरिंग करताना चार वर्षं लॉ कॉलेज रोडवरून मी सायकलने गेलेली आहे.

हे झालं पोथ्यांचं. मग यात आधुनिक इतिहास कुठे आला, असं बाईंच्या चेहऱ्यावर दिसतंय. बाई, त्या दोन पोथ्यांपैकी एक सिनाय पर्वताजवळच्या मठातली. एकोणिसाव्या शतकात एका जर्मन विद्वानाने ती बाहेर आणली, रशियाच्या झारकडे गेली, आणि १९३३ साली स्टालिनच्या सरकारने परकीय चलनासाठी ती ब्रिटनला एक लाख पौंडांना विकली. लंडनमध्ये त्यासाठी लोकांकडून वर्गणी गोळा केली. म्हणजे पोथी चौथ्या शतकातली, पण ती लंडनमध्ये का आहे याचं उत्तर ‘कारणे द्या’ मध्ये लिहायचं तर विसाव्या शतकाचा धडा उघडावा लागतो.

पण हे दोन विषय एकत्र का शिकायचे, ते मला खऱ्या अर्थाने कळलं गेल्या वर्षी, तिच्या एका निबंधामुळे. तो जरा सविस्तर सांगते.

नव्या करारात पौलाचं एक अगदी छोटं पत्र आहे, फिलेमोन नावाच्या माणसाला लिहिलेलं. फक्त २५ वचनं. पौल तुरुंगात आहे. तिथे त्याला अनेसिम नावाचा माणूस भेटलाय, जो फिलेमोनाचा गुलाम आहे. पौल त्याला मालकाकडे परत पाठवतो आणि सोबत हे पत्र देतो. त्यात तो सांगतो की मी हुकूम करू शकलो असतो पण विनंती करतो; याला गुलामापेक्षा अधिक, भाऊ म्हणून घे; त्याने तुझं काही देणं लागत असेल तर माझ्या नावावर मांड. अनेसिम या नावाचा अर्थ ‘उपयोगी’, त्यावर पौल एक कोटीही करतो. आणि त्याला मुक्त कर, असं स्पष्ट शब्दांत कुठेही म्हणत नाही. अनेसिम पळून आला होता, असं सगळे धरून चालतात, पण पत्रात ‘पळाला’ असा शब्द नाही. हे मी सांगत नाही, ग्रीक पानावर बोट ठेवून ती सांगते.

आता अठराशे वर्षं पुढे या. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली आणि शेकडो पाद्री बाहेर पडून त्यांनी ‘फ्री चर्च’ स्थापन केलं. ते तत्त्वासाठी बाहेर पडले होते, घरंदारं आणि पगार सोडून. त्यांच्याबद्दल लोकांना आदर होता. पण नवी चर्च बांधायची तर पैसे हवेत. त्यांचं शिष्टमंडळ अमेरिकेला गेलं, आणि त्यांनी आणलेल्या देणगीत दक्षिणेकडच्या गुलाम बाळगणाऱ्या लोकांचेही पैसे होते. सगळे मिळून सुमारे ३,००० पौंड. आणि १८४६ साली स्कॉटलंडमध्ये भाषणं द्यायला आला फ्रेडरिक डग्लस.

डग्लस हा अमेरिकेतल्या मेरीलँडमधला जन्माने गुलाम. १८३८ मध्ये पळाला, लिहायला-वाचायला लपून शिकलेला, १८४५ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, आणि त्यात मालकाचं नाव लिहिल्यामुळे पकडले जाण्याची भीती निर्माण झाली म्हणून तो समुद्र ओलांडून इकडे आला. माझ्या मुलीच्या विद्यापीठाच्या पलीकडे, टे नदीच्या मुखाशी डंडी शहर आहे, तिथे त्याच्या सभा झाल्या. अर्ब्रोथ, ग्लासगो, एडिनबरा, सगळीकडे. मागणी एकच: पैसे परत पाठवा. त्या वर्षी ही घोषणा गावोगाव भिंतींवर रंगवली गेली, तिच्यावर गाणी झाली.

चर्चच्या बाजूने बोलणारे म्हणत होते, गुलामगिरी वाईटच, पण गुलाम बाळगणाऱ्या प्रत्येक माणसाला चर्चबाहेर काढता येणार नाही. प्रेषितांनी तरी कुठे काढलं? पाहा, फिलेमोन मालक होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. त्या चर्चचे सर्वांत मोठे पुढारी थॉमस चामर्स. सेंट अँड्र्यूजमध्येच शिकलेले आणि तिथे नीतिशास्त्राचे प्राध्यापक असलेले. माझी मुलगी ज्या रस्त्यावरून वर्गात जाते त्या रस्त्यावरून गेलेले. त्यांचंही म्हणणं हेच होतं.

जरा विचार करा, समोर व्यासपीठावर कोण उभा आहे. कायद्याने डग्लस अजूनही पळालेला गुलाम होता. त्या वर्षाच्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या मित्रांनी दीडशे पौंड भरून त्याची सुटका विकत घेतली, तोपर्यंत तो अनेसिमच होता. आणि पवित्र म्हणून मान असलेल्या माणसाने पळालेल्या गुलामाला मालकाकडे परत पाठवलं, ही गोष्ट त्याच्या तोंडावर पुरावा म्हणून सांगितली जात होती. चार वर्षांनी, १८५० मध्ये, अमेरिकेत पळालेल्या गुलामांना परत पाठवायचा कायदा आणखी कडक झाला, तेव्हाही त्याच्या समर्थकांनी हेच २५ वचनांचं पत्र पुढे केलं. गुलामगिरीच्या विरोधकांनीही हेच पत्र पुढे केलं: भाऊ म्हणून घे, असं लिहिलंय, ते वाचा.

मुलीच्या निबंधाचा विषय होता, कोण बरोबर वाचत होतं? तिने लिहिलं की हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. पहिल्या शतकात रोमन कायद्याखाली, तुरुंगातून, एका मालकाला लिहिताना पौल काय मागत होता, हा एक. १८४६ साली डंडीच्या सभागृहात ते पत्र वाचल्याने कुणाचं काय होत होतं, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ग्रीकमध्ये शोधायचं, दुसऱ्याचं वर्तमानपत्रांत, चर्चच्या इतिवृत्तांत आणि हिशेबाच्या वह्यांत. फक्त ग्रीक येणारा माणूस दुसऱ्या प्रश्नाला हात लावत नाही आणि फक्त इतिहास शिकलेला माणूस ‘बायबलचा गैरवापर झाला’ असं एका वाक्यात लिहून पुढे जातो, पत्र न वाचताच. मला हे फार पटलं. आमच्याकडे बँकांचे वीस-वीस वर्षांचे जुने प्रोग्राम असतात, त्यात एखाद्या ओळीशेजारी ‘तात्पुरतं’ अशी टीप असते, आणि त्या ओळीवर आज लाखो लोकांचे पगार जमा होत असतात. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते वेगळं, आणि त्यावर जग कसं उभं राहिलं ते वेगळं. दोन्ही ज्याला बघता येतं असा माणूस मला टीममध्ये अजून फारसा मिळालेला नाही.

पैसे, बाय द वे, परत गेले नाहीत.

यात आपला एक धागा आहे, आणि तो सापडला तेव्हा मी ऑफिसात एकटीच उठून उभी राहिले. १८४३ च्या फुटीत भारतातले स्कॉटिश मिशनरी नव्या चर्चकडे गेले. विल्सन कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते मुंबईचे जॉन विल्सन त्यांतलेच, आणि पुण्यातलं मिशनही. आणि १८४१ ते १८४७ या वर्षांत पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत कोण शिकत होतं? जोतीराव फुले. तिकडे डंडीत ‘पैसे परत पाठवा’ चालू असताना त्याच चर्चच्या पुण्यातल्या शाळेत हा एकोणीस वर्षांचा मुलगा बसलेला. त्याच्या कानावर ते भांडण गेलं का, याचा पुरावा माझ्या हातात नाही आणि मी तसा दावा करत नाही. मुलीने मला तेवढी शिस्त लावली आहे. पण १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली तेव्हा ती कुणाला अर्पण केली, ते बाईंनी आपल्याला शिकवलंय. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सज्जन लोकांना.

मग तिने मला फोनवर विचारलं, "आई, फिलेमोनाच्या पत्रात मराठीत कुठला शब्द आहे?" मूळ ग्रीक शब्द ‘दूलोस’. त्याचा सरळ अर्थ गुलाम, विकत घेतलेला माणूस. १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात तिथे ‘नोकर’ या अर्थाचा शब्द आहे, त्यामुळे इंग्रजी वाचकाला पुष्कळ वर्षं साखळी ऐकूच आली नाही. मी मराठी बायबल उघडून बघितलं. ‘दास’. मी तिला म्हटलं, अगं, हा शब्द आम्हाला गुलाम असा ऐकूच येत नाही. दास म्हटलं की आम्हाला रामदास आठवतात. दास मारुती. विठ्ठलाच्या दारी आपण होऊन दास होतात, त्यात मोठेपणा आहे. तोच ‘दूलोस’ जोतीरावांच्या शब्दाने, ‘गुलाम’ असा लिहिला, तर ते पत्र मराठीत दुसरंच होतं. बराच वेळ ती फोनवर बोललीच नाही. टाइप करत होती.

माझी आई इथे मागे बसलीय. तिला मी हे सगळं सांगितलं, आणि हॉवर्ड थर्मन नावाच्या अमेरिकन धर्मगुरूच्या आजीची गोष्टही सांगितली. थर्मन १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींना भेटून गेले होते. त्यांची आजी लहानपणी गुलाम होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून नातू तिला बायबल वाचून दाखवायचा, पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही. त्यातला प्रेमावरचा एक अध्याय तेवढा कधीतरी. मोठेपणी त्याने कारण विचारलं. ती म्हणाली की मालकाचा पाद्री आम्हाला नेहमी पौलच वाचून दाखवायचा, गुलामांनो धन्याचं ऐका, म्हणून. तेव्हाच ठरवलं होतं, सुटले तर हा भाग पुन्हा ऐकणार नाही. आई ऐकून म्हणाली, "शहाणी होती बाई." नव्या करारावरचं हे आमच्या घरातलं सर्वांत छोटं आणि मला सर्वांत आवडलेलं भाष्य.

आता तो आवाज खाली करून विचारलेला प्रश्न. नाही, झालेली नाही. तिच्या वर्गात पाद्री व्हायला आलेली मुलं आहेत, देव न मानणारी आहेत, आणि परीक्षेत कुणाची श्रद्धा तपासत नाहीत, पुरावा तपासतात. पण मी एवढ्यावर थांबत नाही, कारण प्रश्न आपल्या गावात विचारला गेलाय. आपल्यातल्या निम्म्यांनी दौंड-पुणे शटलमधून केडगाव स्टेशनवरचे पेरू खाल्लेत. तिथे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे. १८८३ साली त्या इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला! त्यांची बाजू जाहीरपणे कुणी घेतली? जोतीरावांनी, १८८५ च्या ‘सत्सार’मध्ये. आणि ज्यांना वाटत होतं की बाई भुलल्या, त्यांनी त्यांची पत्रं वाचावीत. आपल्या राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळानेच १९७७ साली छापलीत. ज्या इंग्रज जोगिणीने त्यांना धर्मात आणलं तिच्याशीच त्या पत्रामागून पत्रात वाद घालतात: हे मी मानणार नाही, हे पुस्तकात कुठे आहे ते दाखवा. संस्कृत पंडिता होत्या. शब्द तपासल्याशिवाय पुढे जायची सवयच नव्हती.

याच रमाबाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल एकट्याने मराठीत आणायला बसल्या. आधीची भाषांतरं फार संस्कृतमय, खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, हे त्यांचं म्हणणं. केडगावच्या छापखान्यात जुळणी करणाऱ्या, यंत्र चालवणाऱ्या बायका त्यांच्या आश्रमातल्याच. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या, त्याच्या थोडं आधी काम पुरं झालं, आणि १९२४ मध्ये ते पुस्तक छापून झालं. इथून आपल्या गाडीने तीन-चार स्टेशनांवर.

माझ्या मुलीचा चौथ्या वर्षाचा प्रबंध यावर आहे. रमाबाईंनी ‘दूलोस’ला ठिकठिकाणी काय म्हटलं, आणि त्या बायकांनी ते कसं वाचलं. मिशनमध्ये मी परवा जाणारच आहे. पण तिला कपाटात नीट ठेवलेल्या प्रतीपेक्षा वापरलेली प्रत हवी आहे: कुणीतरी ओळींखाली पेन्सिल ओढलेली, समासात काही लिहिलेली, हळदीचे डाग असलेली. आपल्या वर्गात केडगावची, यवतची, पाटसची मुलं-मुली होती. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, आजीच्या पेटीत, ती केडगावच्या छापखान्यातली जुनी प्रत असेल, तर मला सांगा. पुस्तक नेणार नाही, तुमच्या ओट्यावर बसून फोटो काढेन. किंवा तुम्हीच फिलेमोनाच्या पत्राचा फोटो पाठवा. तीताच्या पत्रानंतर आणि इब्री लोकांच्या पत्राआधी ते आहे, जेमतेम पान-दीड पान, पटपट उलटलं तर निसटतं.

माझा नंबर ग्रुपवर आहे. गुरुवारपर्यंत मी आईकडेच आहे.